लांगदोकची लाल वाइन: एका ‘स्वस्त’ जमिनीची गोष्ट

आजचा एपिसोड वाइनबद्दल आहे. पण ‘कुठली बाटली घ्यावी’ टाइपचा नाही, आणि दारूची जाहिरात तर अजिबातच नाही. ज्यांचं कायद्याने वय बसत नाही त्यांनी नुसतं ऐकायचं. इतिहासाला परमिट लागत नाही.

फ्रेंच वाइन म्हटलं की आपल्या डोक्यात दोन-तीन नावं येतात. बोर्डो, बरगंडी, फार तर शॅम्पेन. पण फ्रान्समधला सगळ्यात मोठा द्राक्षपट्टा यातला कुठलाच नाही. तो आहे खाली दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठाने, नीम शहरापासून थेट स्पेनच्या सीमेकडे जाणारा. नाव लांगदोक. एकेकाळी फ्रान्समधल्या कामगाराच्या ग्लासात जी लाल वाइन असायची, ती बहुतेक इथलीच. आणि तरीही दुकानात गेलात तर तिची बाटली बोर्डोच्या खालच्या फळीवर दिसते.

का? माती वाईट आहे म्हणून? अजिबात नाही. ऊन भरपूर, वारा कोरडा, बुरशीचा त्रास कमी. रोमन लोकांनी इ.स.पू. ११८ मध्ये इथे नारबॉन शहर वसवलं, तेव्हापासून इथे वाइन होतेय. पुढे इथली वाइन चांगलीच चालू लागली, आणि इ.स. ९२ च्या सुमारास सम्राट डोमिशियनने प्रांतांमधले निम्मे द्राक्षवेल उपटायचा हुकूम काढला. तो फारसा पाळला गेला नाही, ते सोडा. मुद्दा असा, की ज्या भागाला वाइनचा दोन हजार वर्षांचा अनुभव आहे, तो ‘साधा’ कसा ठरला?

माझं म्हणणं असं आहे, की लांगदोक साधा नव्हता, त्याला साधा बनवलं गेलं. रेल्वेने, एका किड्याने, साखरेच्या पोत्यांनी आणि पॅरिसमधल्या काही निर्णयांनी. हे समजून घ्यायला मी आणि तीन मित्रांनी मिळून पुण्यात चार बाटल्या उघडल्या. कंपन्यांची नावं सांगणार नाही. द्राक्षाची आणि गावांची सांगतो.

पहिला ग्लास: सँसो, आणि रेल्वेची शिट्टी

पहिली होती सँसो नावाच्या द्राक्षाची. रंग फिका, ग्लासातून पलीकडचं दिसेल इतका. चव हलकी, स्ट्रॉबेरीसारखी, जिभेवर फार वेळ न थांबणारी. आमच्यातला एक जण म्हणाला, “ही तर सरबतासारखी जाईल.” नेमकं तेच.

आता १८५० च्या दशकात चला. त्याआधी लांगदोकमध्ये साधी वाटणी होती: सपाट, सुपीक जमिनीत गहू आणि डोंगरउताराच्या खडकाळ जमिनीत द्राक्ष. द्राक्षाला हलकी जमीन चालते, गव्हाला नाही. मग रेल्वे आली. दक्षिण थेट पॅरिसशी जोडली गेली. उत्तरेकडच्या खाणी आणि कारखान्यांमधल्या मजुराला रोज काहीतरी स्वस्त प्यायला हवं होतं. त्या काळी शहरात पिण्याच्या पाण्याचा भरवसा नव्हता, वाइन हे जेवणच समजलं जायचं.

मग शेतकऱ्याने काय केलं? जे आपण केलं असतं तेच. गहू काढला आणि सपाट जमिनीत द्राक्ष लावलं. तेही आरामों जातीचं. या जातीचा गुण एकच, पीक बेसुमार. हेक्टरी २०० हेक्टोलिटरच्याही वर. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर, आता हिशोब करा. पण इतका भार घेतल्यावर रसात दम कुठून राहणार? आरामोंची वाइन पातळ आणि फिकी. माझ्या ग्लासातल्या सँसोपेक्षाही फिकी. तिला रंग आणि ताकद यावी म्हणून दुसरीकडची दाट वाइन मिसळायची पद्धत पडली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शेतकऱ्याला पैसे मिळत होते लिटरवर. चवीवर नाही. चांगली वाइन करणाऱ्याला एक पैसा जास्त मिळत नसेल, तर डोंगरावर चढून कोण राबेल?

मूळ खाणारा किडा

१८६३ च्या सुमारास रोन नदीजवळच्या गार्ड भागात वेली विनाकारण सुकायला लागल्या. पानं पिवळी, दोन-तीन वर्षांत झाड खलास. मेलेली झाडं उपटून पाहिली तर मुळांवर काही सापडेना. १८६८ मध्ये माँपेलिए शहरातले वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लाँशाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळं केलं. त्यांनी मेलेली नाही, तर अजून जिवंत, निरोगी दिसणारी झाडं उपटली. आणि मुळांवर दिसले बारीक पिवळे किडे. फायलोक्सेरा. मेलेल्या मुळावर खायला काही उरत नाही, म्हणून किडा पुढच्या झाडावर गेलेला असायचा. इतके दिवस सगळे गुन्हेगार निघून गेल्यावर पंचनामा करत होते!

हा किडा अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर आला होता. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ८ कोटींहून जास्त हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ मध्ये ती अडीच कोटींच्याही खाली आली. गावंच्या गावं रिकामी झाली.

उपाय शेवटी अमेरिकेतच सापडला. तिथल्या रानटी वेलींची मुळं या किड्याला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच डोळा, असं कलम करायचं. नाशिक-सांगलीकडच्या कुणी हे ऐकत असाल तर तुम्ही आत्ता हसला असाल, कारण तुमच्या बागेत खाली ‘डॉगरीज’ आहे. तोही मूळचा अमेरिकेतला, टेक्सासकडचा खुंट. आपल्याकडे तो मुख्यतः खारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतात, कारण वेगळं, पण खालची मुळं परकी आणि वरचं फळ आपलं ही युक्ती तीच.

पण कलम, रोपं, मजुरी, सगळ्याला पैसा लागतो. छोट्या शेतकऱ्याने कर्ज काढलं. आणि कर्ज फेडायचं तर पीक जास्त हवं. म्हणजे पुन्हा सपाट जमीन, पुन्हा आरामों.

साखरेची वाइन

बागा मेल्या होत्या, पण पिणारा थोडाच मेला होता? त्याची तहान भागवायला दोन वाटा निघाल्या. एक, अल्जीरिया. तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. वसाहतीतल्या फ्रेंचांनी तिथे द्राक्षाचे मोठे मळे उभे केले आणि ती दाट, काळसर वाइन फ्रान्समध्ये येऊ लागली. दुसरी वाट, बनावट. बेदाणे भिजवून केलेली वाइन. किंवा रस काढून झाल्यावर उरलेला चोथा घ्या, त्यावर पाणी आणि साखर ओता, पुन्हा आंबवा. झाली ‘वाइन’.

टंचाई होती तोवर हे खपून गेलं. पण विसावं शतक उजाडेपर्यंत नव्या कलमी बागा जोरात फळू लागल्या. आता खरी वाइन भरपूर, अल्जीरियाची भरपूर, आणि बनावटीचा धंदा चालूच. त्यात १९०३ मध्ये सरकारने साखरेवरचा कर निम्म्याहून कमी केला. साखर कुठे व्हायची? उत्तर फ्रान्समध्ये, बीटपासून. म्हणजे उत्तरेच्या कारखानदाराची चांदी आणि दक्षिणेच्या द्राक्षवाल्याचं मरण.

भाव कोसळले. उत्पादनखर्च निघेना. नवीन पीक ठेवायला पिंपं रिकामी हवीत म्हणून जुनी वाइन गटारात ओतायची वेळ आली. रस्त्यावर टोमॅटो ओतणारा शेतकरी आपल्याला नवा नाही, त्यामुळे हे चित्र समजायला फ्रेंच यायची गरज नाही.

१९०७: वाइन म्हणजे काय ते सांगा

आर्जेलिए नावाचं एक छोटं गाव. तिथला मार्सलाँ आल्बेर हा कॅफे चालवायचा, थोडी द्राक्षंही होती. बोलायला फर्डा. ११ मार्च १९०७ ला तो गावातल्या शेतकऱ्यांना घेऊन नारबॉनला निघाला. एकूण ८७ जण. तिथे संसदेची चौकशी समिती आली होती, तिला गाऱ्हाणं सांगायचं होतं.

८७ जण लक्षात ठेवा. कारण पुढे दर रविवारी एकेका शहरात सभा व्हायला लागल्या आणि आकडा फुगत गेला. १२ मे, बेझिए शहर, दीड लाख लोक. ९ जून, माँपेलिए, पाच लाखांहून जास्त असा अंदाज. ना मोबाइल, ना ग्रुप. शेतमालक आणि मजूर, उजवे आणि डावे, चर्चवाले आणि चर्चविरोधी एकाच फलकाखाली. मागणी काय? अनुदान नाही. कर्जमाफीही पहिली नाही. पहिली मागणी होती: द्राक्षापासून होते तिलाच वाइन म्हणा, बनावट बंद करा.

नारबॉनचे महापौर एर्नेस्त फेरुल हे समाजवादी डॉक्टर होते. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. शेकडो गावांच्या महापौरांनी राजीनामे दिले, कर भरायचा नाही असं ठरलं. पंतप्रधान होते जॉर्ज क्लेमांसो. त्यांनी सैन्य धाडलं. १९ जूनला फेरुलना अटक झाली आणि नारबॉन पेटलं. १९ आणि २० जून, दोन दिवस गोळीबार. किमान सहा जण गेले. त्यात सेसिल बुरेल नावाची २० वर्षांची मुलगी होती, आंदोलनात नव्हतीच ती, बाजाराला आली होती.

ही बातमी १७ व्या पायदळ तुकडीला कळली. या तुकडीत भरती स्थानिक होती, म्हणजे शिपाई याच द्राक्षवाल्यांची मुलं. उद्या आपल्यालाच आपल्या घरच्यांवर बंदूक रोखायला सांगतील, हे त्यांना दिसत होतं. सुमारे ५०० जणांनी बंड केलं. रात्रीतून आग्दहून चालत बेझिएला आले, बंदुकीचे दस्ते वर करून. लोकांनी त्यांना खाऊपिऊ घातलं. शिक्षा होणार नाही या बोलीवर ते परत बराकीत गेले, आणि सरकारने त्यांना ट्युनिशियात, गाफ्साच्या वाळवंटी छावणीत पाठवून दिलं.

आणि आल्बेर? तो लपतछपत पॅरिसला गेला आणि २३ जूनला थेट क्लेमांसोंना भेटला. क्लेमांसोंनी त्याला परतीच्या तिकिटासाठी १०० फ्रँकची नोट दिली. त्याने ती घेतली. मग क्लेमांसोंनी हे पत्रकारांना सांगितलं. झालं! कालपर्यंत ज्याला लोक तारणहार म्हणत होते, त्याच्याकडे आता ‘विकला गेला’ म्हणून बघायला लागले. १९२१ मध्ये तो गरिबीत वारला. नेत्याला बदनाम करायची ही पद्धत किती जुनी आहे बघा.

पण आंदोलन वाया गेलं नाही. २९ जून १९०७ चा कायदा आला. किती पीक आलं ते प्रत्येकाने जाहीर करायचं, आणि वाइनसाठीच्या साखरेवर जादा कर. सप्टेंबरमधल्या सरकारी हुकमाने ठरवलं, की ताजी द्राक्षं किंवा त्यांचा रस आंबवून होते तीच वाइन म्हणून विकता येईल. आज आपण बाटलीवरचं लेबल विश्वासाने वाचतो, त्या विश्वासासाठी या ‘स्वस्त वाइनवाल्या’ शेतकऱ्यांनी रक्त सांडलंय. बोर्डोच्या बड्या बंगल्यांनी नाही.

दुसरा ग्लास: कारिन्यां

आमची दुसरी बाटली होती कारिन्यां द्राक्षाची, जुन्या वेलींची. रंग एकदम गडद. पहिला घोट घेतला आणि सगळ्यांचे चेहरे आंबले. कोकमासारखी आंबट धार, मग कच्च्या जांभळासारखं जिभेला बसणारं तुरटपण. दहा मिनिटं तशीच ठेवली, चीज आणि भाजलेलं मटण आलं, आणि मग तिने रंग दाखवला. करवंदाच्या जवळ जाणारी चव, खडबडीत पण खरी. मला चारांतली हीच सगळ्यात आवडली.

कारिन्यां हे विसाव्या शतकातल्या लांगदोकचं द्राक्ष. पीक भरपूर, रंग भरपूर. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या फ्रेंच शिपायाला रोज वाइनचा शिधा मिळायचा, सुरुवातीला पाव लिटर, मग अर्धा. शिपाई तिला ‘पिनार’ म्हणायचे. १९१४ मध्ये दक्षिणेच्या शेतकऱ्यांनी सैन्याला २ लाख हेक्टोलिटर वाइन नुसती भेट दिली. हो, सात वर्षांपूर्वी ज्या सैन्याने गोळ्या घातल्या त्याच सैन्याला. देशभक्ती होतीच, पण नवीन पिढीला आपल्या वाइनची सवयही लागली. फक्त सवय लागली ती स्वस्त, पोटभर वाइनची. शिक्का आणखी पक्का झाला.

चांगली बाजू म्हणजे सहकार. मारोसाँ गावातल्या छोट्या शेतकऱ्यांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन विक्री सुरू केली, पुढे स्वतःची सामायिक वायनरी बांधली. समाजवादी नेते जाँ जोरेस ती बघायला १९०५ मध्ये आले होते. नंतर गावोगावी सहकारी वायनऱ्या झाल्या. साखर कारखाने आणि दूध संघ बघितलेल्या माणसाला त्यांचे फायदेही कळतील आणि मर्यादाही. छोटा शेतकरी टिकला, पण चांगलं आणि वाईट द्राक्ष एकाच टाकीत पडलं.

१९६० नंतर फ्रान्स बदलला. तेव्हा सरासरी फ्रेंच माणूस वर्षाला १०० लिटरहून जास्त वाइन प्यायचा, आज त्याच्या निम्म्याहूनही कमी. खाणी बंद, कामगाराची रोजची वाइन बंद. त्यात इटलीची स्वस्त वाइन यायला लागली. ४ मार्च १९७६ ला नारबॉनजवळ माँरेदाँ इथे शेतकरी आणि पोलीस यांच्यात गोळीबार झाला. एक शेतकरी गेला आणि एक पोलीस अधिकारी गेला. ६९ वर्षांनी, जवळपास त्याच जागी.

तिसरा आणि चौथा ग्लास: पुन्हा डोंगरावर

त्यानंतर युरोपने बागा उपटायला पैसे दिले. या पट्ट्यातून एक लाख हेक्टरहून जास्त द्राक्ष गेलं. आणि उरलेल्यातल्या काहींनी जुना रस्ता धरला. म्हणजे डोंगराचा, रेल्वे यायच्या आधीचा.

आमची तिसरी बाटली कोर्बिएरची, म्हणजे नारबॉनमागच्या डोंगराळ भागातली. ग्रनाश, सिरा आणि कारिन्यां यांचं मिश्रण. नाकाशी धरली आणि एक ओळखीचा वास आला. ओवा! हा निव्वळ भास नसावा. त्या डोंगरांवर ‘गारीग’ नावाचं झुडपी रान असतं, त्यात थाइम आणि रोझमेरी आपोआप उगवतात. थाइममधला थायमॉल आणि आपल्या ओव्यातला थायमॉल एकच. तो वास वाइनमध्ये नेमका कसा उतरतो यावर वाद घालता येईल, पण हा वास या भागाची ओळख मानला जातो.

चौथी, तेरास द्यु लार्झाक. उंचावरचा भाग, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. सिराचा काळ्या मिरीसारखा झणका, पण आंबटपणा ताजा, सगळं एका जागी बसलेलं. ही प्यायल्यावर कुणी ‘स्वस्त दक्षिणेची वाइन’ म्हणणार नाही.

आता तारखा बघा. दर्जाचं अधिकृत नाव, म्हणजे त्यांचं एओसी, लांगदोकच्या लाल वाइनमध्ये पहिल्यांदा फितूला मिळालं १९४८ मध्ये. सँ-शिन्याँ आणि फोझेरला १९८२. कोर्बिएर आणि मिनर्व्हाला १९८५. तेरास द्यु लार्झाकला स्वतंत्र ओळख थेट २०१४. बोर्डोच्या वाइनची प्रसिद्ध वर्गवारी कधीची? १८५५ ची. एकाला नाव मिळाल्यावर दुसऱ्याला दीडशे वर्षं रांगेत उभं राहावं लागलं. या दीडशे वर्षांत डोंगर तोच होता, खडक तोच होता. भाव देणारा कुणी नव्हता.

आज काय चाललंय

गोष्ट गोड शेवटावर संपवता आली असती, पण तसं नाहीये. लाल वाइनचा खप अजून घसरतोय. २०२४ मध्ये फ्रान्सने पुन्हा बाग काढणाऱ्याला हेक्टरी ४,००० युरो देऊ केले, आणि लांगदोकमधूनही अर्ज गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्बिएरच्या डोंगरांत सुमारे १६ हजार हेक्टर जळून गेलं. तिथले लोक म्हणतात, जिथे द्राक्षबाग होती तिथे आग अडली, जिथे बाग उपटून रान माजलं तिथे ती पळत सुटली. म्हणजे बाग फक्त वाइन देत नव्हती, गावाभोवती कुंपणाचं कामही करत होती. त्याचे पैसे बाटलीच्या किमतीत कुणी कधी धरले नाहीत.

माझं मत सरळ आहे. एखाद्या भागाचा माल ‘स्वस्त’ दिसला की आधी विचारावं, तो भाव कुणी ठरवला आणि कधी? लांगदोकच्या बाबतीत उत्तर मातीत नाही सापडत. ते सापडतं रेल्वेच्या वेळापत्रकात, साखरेच्या करात आणि नारबॉनच्या चौकात.

कधी मोठ्या शहरातल्या दुकानात किंवा परदेशात फोझेर, मिनर्व्हा, कोर्बिएर अशी नावं लेबलवर दिसली, तर तिथे थोडं थांबा. घेतलीच तर कारिन्यां असलेली घ्या, थोडी गार करा, उघडून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि सोबत मटण नाहीतर भरलं वांगं असू द्या. आणि टेबलावर कुणी विचारलं ‘ही कुठली रे, कधी ऐकलं नाही’, तर त्याला आर्जेलिएहून निघालेल्या ८७ जणांबद्दल सांगा.

तुमच्या गावातलं असं एखादं पीक आहे का, जे चांगलं असून कायम ‘साधं’ म्हणून विकलं गेलं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू लवकरच. तोपर्यंत, काळजी घ्या आणि गाडी चालवायची असेल तर नुसतं ऐका, पिऊ नका!